'गुड' म्हणणारी, तरी गायब होणारी हार्ड डिस्क : क्रिस्टलडिस्कइन्फो सात महिने वापरल्यावर

जुन्या डेस्कटॉपमधली दुसरी हार्ड डिस्क आठवड्यातून एक-दोनदा गायब व्हायची. काम चालू असताना सगळं गोठायचं, आतून 'टक्' आवाज यायचा आणि ड्राइव्ह नाहीसा. रीस्टार्ट केलं की पुन्हा हजर. कुणाला दाखवायला जावं, तर नेमकं तेव्हा मशीन शहाण्या मुलासारखं वागायचं.

'टक्' ऐकून डिस्क गेलीच, असं धरून आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवला. चेकडिस्कचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क तपासणाऱ्या सोयीचा, विचारही त्याआधी करू नका. खराब सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे) शोधताना ती अख्खी डिस्क तासन्‌तास वाचते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढी दगदग पुरते. मग डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी दाखवणारं सॉफ्टवेअर, क्रिस्टलडिस्कइन्फो, टाकलं. निळ्या चौकोनात 'गुड'! हुश्श म्हणावं की चिडावं, कळेना.

खरा माल त्या चौकोनात नाही, खालच्या तक्त्यात आहे. रॉ व्हॅल्यू, म्हणजे नोंदींचे मूळ आकडे, सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत) दिसतात, त्या मेनूतून दशमान करून घ्या. १९९ क्रमांकाची नोंद (तक्त्यात सी७) डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वाटेवर किती वेळा डेटा बिघडला ते मोजते. माझ्याकडे ४१२. हा आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही, जुनी पापं तशीच राहतात. त्यामुळे ४१२ वाईट की बरा, हे एकदा बघून कळत नाही. वाढतोय का, ते बघायचं. रोज रात्री वहीत लिहू लागलो. चार दिवसांत ४३०. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलली आणि तो ४३०वर थांबला, तो आजतागायत.

जिंकलो म्हणेपर्यंत पंधरा दिवसांनी डिस्क पुन्हा गायब. सी७ मात्र जागचा हललेला नाही. वही चाळताना ०सी, म्हणजे डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली ते मोजणारा पॉवर सायकल काउंट, नजरेत आला. दिवसभरात कंप्यूटर एकदाच चालू केला होता, आकडा तीनने वाढलेला! म्हणजे चालू मशीनमध्ये डिस्कची वीजच तुटत होती. तो 'टक्' वीज गेल्यावर डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड घाईघाईने जागेवर परतण्याचा होता. पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनी प्लगवरून डिस्कला वीज देणारा कन्व्हर्टर काढून पाहिला, तर एक पिन सैल आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी. डीव्हीडी रायटरचा थेट साटा पॉवर प्लग काढून डिस्कला लावला.

गंमत म्हणजे दोष मिटल्यावर आठवड्याने चौकोन पिवळा झाला : 'कॉशन'. सी५, म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर, ८. आकडा बरोबर आठच, म्हणून मला धीर आला. आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा, बाहेर तो ५१२चे आठ म्हणून दिसतो; म्हणजे बिघडलेली जागा एकच, बहुधा लिहिता लिहिता वीज गेलेली. डेटा बाहेर होताच, म्हणून क्विक नव्हे, तर प्रत्येक सेक्टरवर नव्याने लिहिणारा पूर्ण फॉरमॅट मारला. सी५ शून्य झाला आणि बदललेले सेक्टर मोजणारा ०५ही शून्यच राहिला. तो वाढला असता तर डिस्क तिथेच निवृत्त केली असती.

त्यानंतर पाच महिने एकदाही गायब नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवर जरूर ठेवा; फक्त रंगावर विसंबू नका, सोबत वही ठेवा. डीव्हीडी रायटर तेव्हापासून विजेविना बसून आहे. अजून घरात कुणी चौकशी केलेली नाही.