फॅक्टरीची रायफल की कस्टम? एका स्क्रूपायी आजच लिहावं लागलं

खरं तर वर्ष भरल्याशिवाय लिहायचं नव्हतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर एका नावाजलेल्या दुरुस्तीवाल्यानं माझ्या नव्याकोऱ्या रायफलीची ‘नळी गेली’ असं सांगितलं. नव्या नळीचा आकडा असा सांगितला की तेवढ्यात आमच्या शेतात बोअर पडून वर मोटार बसली असती. आणि खोट निघाली ती एका स्क्रूत. डोकं फिरलंय, म्हणून लिहितो. वजन, नळीची लांबी, ट्रिगरचे ग्रॅम हे वाचणाऱ्यांना पाठ असतं, ते परत उगाळत नाही.

मी लातूरचा. नेमबाजीत पन्नास मीटर थ्री पोझिशन मारतो, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. गोळी पॉइंट टू-टू बोअरची. लायसन, आयातीचे कागद, पोलिस व्हेरिफिकेशन यावर वेगळं रामायण होईल. माझ्यापुढं दोन वाटा होत्या. एक, जर्मन फॅक्टरीतून आलेली सिंगल शॉट बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला हातानं दांडा ओढून भरायची), अॅल्युमिनियमच्या स्टॉकची, म्हणजे दस्त्याची. दुसरी, आमच्या एका सरांकडची कस्टम: अन्शुट्झची जुनी ५४ची अॅक्शन, म्हणजे गोळी भरायची-उडवायची यंत्रणा, तिच्यावर बाहेरून बसवून आणलेली मॅच नळी आणि सरांच्या मापानं कोरलेला अक्रोडाचा स्टॉक. सर ती सोडायला तयार होते, पण नव्या फॅक्टरी रायफलीपेक्षा जास्त मागत होते. मी फॅक्टरीची घेतली. २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ४५१.४ गुणांवर ब्राँझ आणलं तेव्हापासून या इव्हेंटमधल्या चांगल्या रायफलीला मागणी आहे. जो भेटतो तो विचारतो, स्वप्नीलची रायफल कुठली? त्याच्या गोळ्यांचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला घाणा, कुठला हे आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही.

अॅक्युरसीचं म्हणाल तर पहिल्या महिन्यातच माझा भ्रम फिटला. सरांच्या परवानगीनं, त्यांच्यासमोर, दोन्ही रायफली टेकवून एकाच लॉटच्या गोळ्या मारल्या. दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे छिद्रांचे पुंजके, बाहेरच्या कडेपासून मोजले तर फॅक्टरीचे सोळा-सतरा मिलिमीटरच्या आसपास, कस्टमचे मिलिमीटरभर लहान. मग लॉट बदलला. तेच नाव, तीच पेटी, फक्त लॉट नंबर वेगळा. या वेळी फॅक्टरी पुढं आणि कस्टमचे दोन ग्रुप वीसच्या वर. म्हणजे जो फरक नळीचा समजून लोक लाखांत पैसे मोजतात, तेवढाच फरक पेटीवरचा नंबर बदलला की पडतो. रायफलीबरोबर फॅक्टरीतून टेस्ट कार्ड येतं, त्यावरचा ग्रुप बघून माणूस हरखून जातो. पण ते कार्ड ज्या लॉटवर मारलेलं असतं तो लॉट आपल्याला काही मिळत नाही.

शिवाय वारं आहेच. ताशी दहा किलोमीटरचं आडवं वारं पन्नास मीटरवर गोळीला दीडेक सेंटीमीटर सरकवतं, आणि दहाचं वर्तुळ सगळं मिळून १०.४ मिलिमीटरचं. बालेवाडीच्या रेंजवर दुपारी झेंड्या हलायला लागल्या की मिलिमीटरभराचा हिशेब करणारे गप्प होतात.

आता स्क्रूवर येतो.

मे संपता संपता माझे दहा एकदम नऊ झाले. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, जिथं मी चुकूनही बाहेर जात नाही तिथं. नीट बघितलं तर गोळ्या पसरत नव्हत्या, दोन पुंजके पडत होते: चार इथं, चार तिथं, मध्ये रिकामं. साफ केली, डायॉप्टर (नेम धरायची मागची चकती) तपासला, लॉट बदलला. फरक शून्य. शेवटी दुरुस्तीवाल्याकडं. कुरिअरनं टीव्ही जातो, फ्रिज जातो, रायफल मात्र लायसन खिशात ठेवून स्वतः न्यावी लागते. लातूर-मुंबई एक्सप्रेस, बॉक्स बर्थखाली, आणि शेजारच्या काकांचा प्रश्न, “पेटी बाजाची दिसतीय?” म्हटलं, हो.

दुरुस्तीवाल्यानं नळीत बारीक दिवा घातला, मान हलवली. “साहेब, नळी गेली. थ्रोट खाल्लाय.” थ्रोट म्हणजे गोळी नळीत शिरते ते तोंड. मी म्हटलं, अहो, रायफल नवी आहे. नरम शिसं, कमी दाब. पॉइंट टू-टूची नळी हजारो-हजारो गोळ्या पचवते. तर म्हणतो, “मग लॉट खराब आला असंल नळीचा.” स्टॉक काढून बघितला का विचारलं तर, “ते शेवटी बघतो.” तपासणीची फी मात्र आधी घेतली. पावती मागितल्यावर चेहरा पडला.

खरा आजार काढला रेंजवरच्या एका पोरानं, असंल विशीचा. त्यानं रायफल उभी धरली, डाव्या हाताचं बोट नळी आणि स्टॉकच्या सांध्यावर ठेवलं, उजव्या हातानं एलन की घालून पुढचा अॅक्शन स्क्रू जरासा ढिला केला, परत आवळला. “काका, तुम्ही ठेवा बोट.” ठेवलं. प्रत्येक पिळाला नळी बोटाखाली सरकत होती, केसभर, पण सरकत होती. नीट बसलेल्या अॅक्शनला असं काही जाणवायला नको. स्क्रू मुळातच सैल झालेला होता, आणि त्याखालच्या बैठकीत धातूचा एक बारीक कण अडकला होता. त्यामुळं गोळी सुटली की अॅक्शन कधी या कुशीवर बसायची, कधी त्या. म्हणून दोन पुंजके. कण काढला, बैठक पुसली, टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमध्ये छापल्याइतकं आवळलं. पुढचा ग्रुप एक-छिद्री.

तर माझं म्हणणं असं की रायफल घेताना नळी कुणाची, अॅक्शन कुठली हे विचारण्याआधी बेडिंग, म्हणजे अॅक्शन स्टॉकात कशी बसलीय ते, बघा. नळी आणि अॅक्शन स्टॉकला धरून ठेवतात ते हे पुढचा-मागचा दोन स्क्रू. लोक हजारोंचे नेमबाजीचे कोट शिवून घेतात आणि स्क्रू मनगटाच्या अंदाजानं आवळतात. टॉर्क रेंच घ्या, आणि तो ट्रॅक्टरचा नको, लहान घ्या. स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ मोडलेली दिसली की स्क्रू फिरला. प्रवासाहून आलं की मी आधी ती रेघ बघतो, मग चहा. घरातले हसतात.

हा सगळा प्रकार फॅक्टरीच्या विरोधात जातो असं तेव्हा वाटलं होतं, आणि सरही तेच म्हणाले, “तुला सांगत होतो.” पण जुलै लागला आणि पारडं फिरलं. आमचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. २०१६ला आम्हाला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. त्या कोरड्या हवेत लाकूड आटतं, आणि पुण्याच्या पावसात परत फुगतं. सरांच्या स्टॉकात स्क्रूभोवती धातूचे पिलर घातलेले नाहीत, स्क्रू थेट लाकडाला दाबतो. लातुरात आवळलेला स्क्रू पुण्यात वेगळाच ताण घ्यायचा, झिरो, म्हणजे बसवलेला नेम, सरकायचा. दर सामन्याआधी सर सायटरमध्येच, म्हणजे नेम जुळवायच्या बिनगुणांच्या गोळ्यांत, अर्धा जीव घालवतात. माझा अॅल्युमिनियमचा स्टॉक उन्हात गालाला चटके देतो, ते खरं, पण आकार बदलत नाही. सुटा भाग हवा तर मॅन्युअलमधला नंबर पाठवायचा, भाग येतो. सरांच्या रायफलीत काही मोडलं तर ज्यानं घडवली त्यालाच गाठायचं, आणि तो सातासमुद्रापलीकडं.

इथवर लिहून फॅक्टरीला मत देणार होतो, तेवढ्यात नीलिंगचं प्रकरण निघालं. गुडघ्यावर बसलो की माझ्या उजव्या हाताचा पंजा आखडतो, आणि स्कोअर तिथंच गळतो. एका रविवारी सरांची रायफल नीलिंगला घेतली. पंजा असा सैल पडला की मलाच खोटं वाटलं. ग्रिपचा कोन, अंगठ्याची जागा, वजन पुढं किती-मागं किती, सगळं बेतल्यासारखं. त्या दिवशी मान्य केलं की कस्टमचा खरा पैसा अंगाला बसण्यात वसूल होतो. नळीत होतो की नाही याची मला अजूनही शंका आहे.

पण मग अख्खी रायफल कशाला? माझ्या स्टॉकची ग्रिप एका बोल्टावर निघते. गावातल्या सुताराकडं गेलो, जो आयुष्यभर तिफणी आणि औतांची रुमणी करत आलाय. त्यानं आधी माझा हात बघितला, मग मला पाटावर गुडघा टेकवून बसवलं, ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबायला दिला आणि म्हणाला, “सोड आता.” त्या ठशावरून वाळलेल्या बाभळीची ग्रिप कोरली. रंग नाही, पॉलिश नाही, नुसतं जवसाचं तेल. मजुरी ऐकून मी दोनदा विचारलं, कारण मॅच गोळ्यांच्या दोन पेट्याही त्यात आल्या नसत्या. आता पंजा आखडत नाही. बाभूळ फुगली तरी फिकीर नाही, कारण ग्रिपवर नळी टेकत नाही.

उरलेले पैसे मी लॉटवर घालतोय. दोन-तीन लॉटच्या एकेक पेट्या मिळवायच्या, टेकवून मारायच्या, जो जमला त्याचा जमेल तेवढा साठा लायसनच्या मर्यादेत करायचा. नळी बदलायचा विचार, निदान माझ्यापुरता, बंद.

सरांची रायफल अजून विकायची आहे. चांगली आहे, विशेषतः सरांच्या बांध्याचा कुणी असेल तर. घेणाऱ्यानं ग्रुपचे कागद जरूर मागावेत, पण जुलैचे मागावेत. मेमधले सर स्वतःहूनच दाखवतात.