जीटीएक्स 1060 म्हणून 9,200 रुपयांना गळ्यात मारलेलं बनावट कार्ड

गेमसाठी पीसीत लागणारं ग्राफिक्स कार्ड जुनं घेण्याच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा. एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स 1060 म्हणून जाहिरातीच्या साइटवरून मी जे घेतलं, ते भलतंच कार्ड निघालं. टोकन म्हणून 500 आणि कार्ड हातात घेताना 8,700, असे 9,200 रुपये मी यूपीआयने दिले. शिवाय कार्ड तपासून देणाऱ्याचे 300. सगळे गेले.

'गरज काय होती सेकंडहँड घ्यायची?' हे घरी ऐकून झालंय, तुम्ही विचारू नका. माझं बजेट एकूण 35,000. सायबरपंक 2077 या गेमच्या किमान गरजांतच आता 1060 6 जीबी (6 जीबी मेमरीचं 1060) लिहिलंय, त्यामुळे त्याखालचं कार्ड घेऊन उपयोग नव्हता. नवं कार्ड घ्यावं तर प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय कशातून आणायचा? पॉवर सप्लाय फालतू कंपनीचा घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं, आणि त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

विकणाऱ्याने पीसी सुरू करूनच ठेवला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीटीएक्स 1060, मेमरी 6 जीबी, सगळं जिथल्या तिथे. एक जुना गेमही चालवून दाखवला. मी म्हटलं, एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकून बघू. तर म्हणे, "दादा, नेट लई स्लो आहे आज. ड्रायव्हर टाकलेलाच आहे, पेनड्राइव्हमध्ये पण देतो." तिथेच उठायला हवं होतं. पण माणूस चहा विचारतोय, बिल हरवल्याचं स्वतःहून सांगतोय, त्याच्यावर तोंडावर संशय कसा घ्यायचा?

आणि ते निळं सॉकेट! कार्डाच्या मागे एचडीएमआयच्या शेजारी पंधरा भोकांचं व्हीजीए सॉकेट होतं. मी बोट ठेवून विचारलं, हे काय? "जुन्या मॉनिटरवाल्यांची सोय, भाऊ." किती सहज बोलला! एनव्हिडियाने 10 सिरीजच्या, म्हणजे 1060 ज्यात येतं त्या, चिपमधून व्हीजीएला लागणारं अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकलंय. 1060 वर असं सॉकेट दिसलं की बाकी काही तपासायची गरजच नाही, कार्ड परत ठेवायचं आणि निघायचं. जाहिरातीतल्या फोटोतही ते स्पष्ट दिसतं. रोज पन्नास फोटो बघणाऱ्याचं लक्ष पंख्यांकडे जातं, सॉकेटकडे नाही, आणि या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं.

घरी अधिकृत ड्रायव्हर टाकल्यावर निळी स्क्रीन. विकणाऱ्याने पेनड्राइव्हमध्ये दिलेला ड्रायव्हर परत टाकला तर गेम सुरू होऊन चित्र फाटायचं आणि सगळं बंद पडायचं. जीपीयू-झेड, म्हणजे कार्डात खरं काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं, तर नावाच्या आधी कंसात 'फेक'. आत 2011 च्या जीटीएक्स 550 टीआयची चिप. कोअर (चिपमधले गणित करणारे भाग) 192, खऱ्या 1060 6 जीबीत 1280 असतात. मेमरी 1 जीबी. बायोस (कार्डाची ओळख सांगणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून फक्त नाव आणि आकडे खोटे दाखवले होते, म्हणून मेमरी 1 जीबीच्या वर गेली की गेम मरायचा. बाहेरून ओळखायचं तरी कसं? दोन्ही कार्डांना साधारणपणे सहा पिनांचीच केबल लागते, वीजही जवळपास सारखीच, 116 आणि 120 वॅट. जीपीयू-झेड फुकट आहे आणि 2018 पासून अशी कार्डं पकडतं. पेनड्राइव्हवर घेऊनच जा. विकणारा ते चालवू देत नसेल तर टोकन बुडालं तरी चालेल, उठा.

आता पोलिसांचं. चौकीत पहिला प्रश्न, "स्क्रीन दिसतेय ना? मग कार्ड चालू आहे की!" 550 आणि 1060 मधला फरक मी कागदावर लिहून दाखवला, तो कागद बघितलाही नाही. म्हणे सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, वस्तू मिळालीय, तुम्ही चौकीतच जा. म्हणजे चोराने घरी बोलावून लुटलं तर तो गुन्हा कोणाचाच नाही? एकाने तर सुनावलं, "गेम खेळायला एवढे पैसे कशाला घालता?" माझे कमावलेले पैसे मी कशात घालतो हा त्यांचा प्रश्न आहे का? जाहिरातीच्या साइटने उत्तर पाठवलं की आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. जाहिरात मात्र अजून तिथेच आहे, फोटो तेच, किंमत 8,900.

फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे. चौकीत तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. मी पाठवतोय, सोबत जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, यूपीआयच्या पावत्या आणि चॅट. ऑनलाइन पैसे देऊन वस्तूच आली नाही, असं झालं असेल तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर ढकलू नका. आणि असं कार्ड तुमच्याकडेही आलं असेल तर रागाने फेकू नका, पुढे कोणाला विकू तर मुळीच नका. तक्रारीत तोच पुरावा लागणार आहे.