खेकडा घ्यायचा तर उलटा करून बघा

बेचाळीस हजार रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तो गिळायचा मोह होईल.

आमच्या मागच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर मी तीन वर्षं बोरघाटातल्या रेल्वेचं मॉडेल उभारतोय. स्केल एचओ, म्हणजे सगळं मूळच्या सत्याऐंशीव्या हिश्शाएवढं, आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. घाटाचा सदतिसास एक हा खरा चढ मी हट्टाने तसाच ठेवलाय. त्यामुळे आठ फुटांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटर उंची मिळते आणि बघणारे विचारतात, "घाट कुठाय?" सह्याद्री थर्माकोल आणि प्लॅस्टरचा, बोगद्यांची तोंडं पुठ्ठ्याची. कमी होती ती फक्त खेकड्याची.

खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१. १९२८च्या सुमारास आलेलं विजेचं इंजिन, मधे उंच केबिन आणि पुढेमागे लांब नाकं. घाटात मालगाड्या ओढायचं, गाड्यांना मागून रेटा द्यायचं. त्याचं तयार मॉडेल मला कुठेच मिळालं नाही. पण त्याचा स्विस भाऊबंद, 'क्रोकोडाइल', जर्मनीची मार्कलिन कंपनी कित्येक वर्षं बनवतेय. ते आणायचं, रंग बदलायचा, की लांबून बघणाऱ्याला खेकडाच.

वडिलांचा संग्रह विकायला काढलाय म्हणणारा एकजण नेटवर भेटला. आधी त्याच्याकडून चार वाघिणी घेतल्या, बत्तीसशे रुपयांना. बबल रॅपमध्ये गुंडाळून, दोन दिवसांत घरपोच. आता वाटतं, तो गळाला लावलेला तुकडा होता. आठवड्याभराने त्याने क्रोकोडाइल आणि तीन डब्यांचे फोटो धाडले, विटकरी सतरंजीवर मांडलेले. माझ्या मांडणीत एक रूळ वीज आणतो आणि दुसरा परत नेतो, म्हणून मी लिहून विचारलं, "दोन रुळांवरचं डीसीच ना?" उत्तर आलं, "हो काका, नॉर्मल ट्रॅकवर चालतं." सोबत धावतानाचा व्हिडिओ. वर, बंगळूरचं एक गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत पैसे भरणार आहे, ही टोचणी.

तो व्हिडिओ मी दिवसभर बघत होतो. मुलगी खांद्यावरून डोकावून म्हणाली, "बाबा, रुळांच्या मधोमध हे ठिपके कसले?" मी म्हणालो, "स्लीपरचे खिळे असतील." आणि पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवली.

त्या ठिपक्यांतच सगळं होतं. मार्कलिनच्या एचओ गाड्या तीन रुळांच्या पद्धतीने वीज घेतात. दोन्ही रूळ मिळून एक वाट, आणि मधल्या बारीक खुंट्यांवरून इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी घासत जाते, ती दुसरी. त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांमध्ये इन्सुलेशन नसतं. आपल्यासारख्या दोन रुळांच्या डीसी मांडणीवर असं इंजिन ठेवलं की सरळ शॉर्ट सर्किट. माझ्याकडे तेच झालं. कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि सगळा घाट ठप्प. डब्यांचीही तीच गत.

इंजिन उलटं केलं. पोटाखाली पट्टी नव्हतीच, नुसतं स्क्रूचं रिकामं भोक, कडेला ताजे ओरखडे. म्हणजे त्याने ते तीन रुळांच्या मांडणीवर पळवलं, व्हिडिओ काढला आणि मग पट्टी काढून माझ्या गळ्यात मारलं. हा काही अडाण्याचा घोटाळा नव्हे. इंजिन अस्सल होतं, मापही बरोबर होतं, खोटा होता तो माझ्या एका प्रश्नावरचा "हो".

फोन केला तर म्हणाला, "तुम्हीच उघडून बिघडवलंत." मग नंबर बंद. त्याच्याशी हुज्जत घालण्यात मी अकरा दिवस घालवले, हे खरं दुखणं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर पैसे वाटेत अडवले जाण्याची काही आशा होती. चौकीत हवालदारांनी इंजिन हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि विचारलं, "खेळण्यातलं? बेचाळीस हजार?" तक्रार मात्र नीट लिहून घेतली.

इंजिन कुठल्या रुळांचं, हे दोनशे-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने अर्ध्या मिनिटात कळतं. एक टोक डाव्या चाकाला, दुसरं त्याच आसाच्या उजव्या चाकाला. बीप वाजून आकडा जवळजवळ शून्य आला तर ते इंजिन दोन रुळांचं नाही. हेच व्हिडिओ कॉलवर, तुमच्यासमोर, इंजिन उलटं धरून करून दाखवायला सांगा. विकणारा कुरकुरला तर बंगळूरच्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्या.

चाकं बदलून ते चालेल असं एक जाणकार म्हणतात, पण खर्च ऐकून मी गप्प बसलो. सध्या ते माझ्या घाटातल्या मंकी हिल स्टेशनच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर, उभं आहे.

मागच्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने एक जाहिरात दिसली. या वेळी आजोबांचा संग्रह, पण सतरंजी तीच विटकरी, कोपऱ्यात चहाचा डागही तोच. फोटो सात आहेत. इंजिनाच्या खालच्या बाजूचा एकही नाही.