लेकीच्या शाळेतला अभ्यास-सहाय्य विभाग: एका आईचा अभिप्राय

‘आमची शाळा सर्वसमावेशक’ असं माहितीपत्रकात सगळेच छापतात, म्हणून प्रत्यक्षात काय चालतं ते लिहिते. माझी लेक तिसरीत आहे, तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचणं-लिहिणं तिला जड जातं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे तिला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत नाहीत. विशेष शिक्षिका वर्गातच असतात आणि हात वर करेल त्या कुणाच्याही बाकापाशी जातात. त्या नेमक्या कुणासाठी येतात, याचा मुलांना अजून पत्ता नाही! उतारा आधी ऐकवतात, मग वाचायला देतात. उत्तर तोंडी दिलेलं चालतं. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय सालामांका जाहीरनाम्यात हेच होतं, की शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे बदलावं. भिंतीवरचं चित्रांचं वेळापत्रक स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी लावलेलं, पण सगळा वर्ग त्यात डोकावतो.

जोडीवाचन तर फारच छान. लेक एखाद्या शब्दावर अडली की जोडीदारीण मनात पाचपर्यंत मोजते आणि मगच शब्द सांगते. गणिताच्या तासाला मात्र आमची लेकच जोडीदारणीची गुरू होते.

पालकसभा मात्र भर कामाच्या वेळेत ठेवतात, त्यामुळे तेच ते चार चेहरे. शिवाय यंदा वर्गशिक्षिका बदलल्या आणि लेकीच्या जुन्या नोंदी त्यांच्याकडे पोचेपर्यंत पहिली चाचणी उरकली होती. याला ढिसाळपणाच म्हणायचं. प्रवेश घेणार असाल तर या नोंदी कोण सांभाळतं, ते आधी विचारून घ्या.