गिझर दुरुस्तीच्या नावाखाली टोपी घातली, वर वॉल्व्हलाच बूच मारलं

नागपुरात थंडी पडली की गिझरवाल्यांचा सीझन सुरू होतो आणि त्यांच्यात मिसळलेल्या लफंग्यांचाही. मनीषनगरला आईच्या घरचा गिझर तापेना. तिने गूगलवर कंपनीच्या नावाने जो पहिला नंबर दिसला तो फिरवला. गळ्यात कार्ड, टी-शर्टावर लोगो, असा पोरगा तासाभरात दारात. तो नंबर कंपनीचा नव्हताच.

त्याने गिझर खोलून आतली मॅग्नेशियमची कांडी काढली नि आईच्या पुढ्यात धरली. अर्धी झिजलेली, पांढरट, खड्डे पडलेली. "काकू, बघा, आतून सगळं सडलं! टाकी फुटायची एखाद दिवशी."

दिसते ती भयंकरच. पण ती बसवलेली असते झिजण्यासाठीच! टाकीच्या पोलादाला गंजायचं असतं, ते मॅग्नेशियम स्वतःवर घेतं. बोअरचं पाणी असलं तर लवकर संपते. संपायच्या आत बदलायची, बस. अर्धी झिजलेली कांडी म्हणजे टाकी सडल्याचा पुरावा नव्हे, टाकी वाचतेय याचा आहे. आईला हे कोण सांगणार? नवी कांडी नि नवी कॉइल बसली, जुनी कॉइल त्याच्या बॅगेत गेली.

पाणी तापलं. मग सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब गळायला लागले. "हाही गेला काकू," म्हणत त्याने वॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलं, त्याचे पैसे वेगळे. एकूण 4,850 रुपये, यूपीआयने, कुणाच्या तरी खासगी नावावर. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान.

पैशांपेक्षा मला राग आला तो त्या बुचाचा. पाणी तापलं की फुगतं. 25 लिटरच्या टाकीत 20 अंशांवरून 60 वर जाताना पाव लिटरहून जास्त पाणी वाढतं. हा वॉल्व्ह पाणी मागे नळात जाऊ देत नाही, म्हणून वाढलेलं त्याच तोंडातून बाहेर पडतं. तापताना थोडं गळणं हे त्याचं कामच आहे. गिझर बंद असतानाही धार लागली तर गोष्ट वेगळी. ते तोंड बंद केलं की सगळा दाब टाकीवर.

थोड्याच दिवसांत गिझर पुन्हा थंड. आईने मला बोलावलं तेव्हा मी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला सोबत नेलं. त्याने आधी बूच काढलं आणि अस्सल वऱ्हाडीत चार शिव्या हासडल्या. मूळ दोष थर्मोस्टॅटचा होता. तो वेळेवर वीज तोडतच नव्हता, पाणी तापतच राहायचं आणि शेवटी कट-आउट, म्हणजे पाणी अति तापलं की वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच, पडायचा. पहिल्यांदाही तेच झालेलं. त्या पोराने कट-आउटचं बटण दाबलं असणार आणि नावापुरती कॉइल बदलली. म्हणजे बिघडलेला थर्मोस्टॅट आणि वर बंद केलेला वॉल्व्ह. मध्ये एकटा कट-आउट उभा होता.

थर्मोस्टॅट बदलायला काही शेकडेच लागले. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर यूपीआयची तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही. पैसे अजून आलेले नाहीत. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावरच छापलेला होता. त्यांचा माणूस येऊन बघून गेला. पळवलेली कॉइल वॉरंटीत होती म्हणे, पण बाहेरच्याने गिझर खोलल्यामुळे आता टाकीचीही वॉरंटी गेली.