दीर्घ विश्रांती की रोजची मर्यादा? सर्जनशील काम करणाऱ्यांसाठी एक तुलना

लेखक, चित्रकार, संकलक, डिझायनर यांना थकवा जाणवू लागला की बहुधा दोनच सल्ले मिळतात: काही महिने काम थांबवा, किंवा कामाच्या वेळा ठरवून घ्या. सल्ले दोन्ही खरे आहेत, पण ते एकाच दुखण्यावरचे नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला, म्हणजे कामामुळे येणाऱ्या या थकव्याला, आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे. तिची तीन अंगे आहेत: शक्ती संपून जाणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यांपैकी काय बळावले आहे, हे आधी पाहावे.

शक्तीच संपली असेल, तर दीर्घ विश्रांतीला पर्याय नाही. डिझायनर स्टीफन सॅगमाइस्टर यांनी दर सात वर्षांनी स्टुडिओ वर्षभर बंद ठेवण्याचा शिरस्ता ठेवला आणि पुढच्या कामाच्या कल्पना त्या वर्षांतूनच आल्या असे ते सांगतात. मात्र ते वर्ष आधी आखलेले असते, कोलमडल्यावर घेतलेले नव्हे. सर्वांना ते परवडतही नाही, कारण बचत हवी आणि ग्राहक थांबतीलच असे नाही. शिवाय सुट्टीचा लाभ काम पूर्वीसारखेच राहिल्यास काही आठवड्यांत ओसरतो. मी स्वतः तीन आठवडे थांबलो होतो, आणि परतल्यावर महिन्याच्या आतच तीच चिडचिड, तेच जागरण सुरू झाले.

रोजच्या मर्यादेला भांडवल लागत नाही, पण ती रोज राखावी लागते. रात्री अकराला "एक छोटासा बदल आहे" असा निरोप येतो, आपण फाइल उघडतो, शीर्षकाचा रंग बदलतो आणि बाराच्या सुमारास मांडणीही पुन्हा करायला घेतो. सर्जनशील कामाला स्वतःचा शेवट नसल्यामुळे केवळ तास ठरवून भागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे; सुधारणांच्या फेऱ्या किती, त्यापुढे मोबदला किती आणि निरोपांना उत्तर केव्हा, हे काम स्वीकारतानाच लिहून घ्यावे. मन कामातून खरोखर बाजूला झाले, तरच संध्याकाळ विश्रांतीची ठरते.

कडवटपणा मात्र या दोहोंनी जात नाही. क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी बर्नआउटमागे कामाच्या ओझ्याबरोबरच नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये यांतील विसंगतीही दाखवली आहे. आपल्याला न पटणारे काम रोज करावे लागत असेल, तर काम किंवा ग्राहकच बदलण्याचा विचार करावा.

सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, आवडत्या कशातच मन रमत नसेल, तर आधी काम थांबवून डॉक्टरांना भेटावे. आणि परतण्याची तारीख ठरवण्यापूर्वी नव्या करारात सुधारणांच्या फेऱ्यांची संख्या लिहून ठेवावी.