गावच्या पोस्टात सगळे व्यवहार नेल्यानंतरचा अनुभव

मृगाच्या तोंडावर गावच्या पोस्टात बचत खातं काढलं, पाठोपाठ मुलीचं सुकन्या समृद्धी. आता संक्रांत होऊन गेली. पेरणी, निंदण, वेचणी या सगळ्या हंगामात घरचा पैसा याच काउंटरवरून आला-गेला. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, आठवडी बाजाराचं. बँक तालुक्याला, म्हणजे बसभाडं जातं आणि मजुरीचा दिवसही बुडतो.

खातं ५०० रुपयांत निघतं, तेवढी शिल्लक कायम ठेवावी लागते. व्याज ४ टक्के. १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. ‘कापसाचे पैसे आले की दहाच्या आत भरत जा ताई,’ हे पोस्टमास्तरांनी पहिल्याच दिवशी आपणहून सांगितलं. सुकन्याचं खातं मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत काढावं लागतं. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, भरणा १५ वर्षं. खातं काढल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होतं. सध्या व्याज ८.२ टक्के आहे. दर सरकार तिमाहीला ठरवतं, म्हणून काउंटरवर विचारूनच घ्यावं.

सगळ्यात मोलाचं मला वाटलं ते पोस्टमनचं मशीन. १ सप्टेंबर २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि पुढे आधारवर अंगठा ठेवून घरबसल्या पैसे मिळायची सोय आली. खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी चालतं. शेजारच्या आजींना निराधारचे पैसे असेच मिळतात. वेचणीच्या दिवसांत मात्र बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघतात आणि मशीन अंगठा घेत नाही. दिवाळीनंतर एकदा आजी रडवेल्या झाल्या, ‘माह्या बोटाले का झालं रे बाप्पा?’ पोस्टमनभाऊंनी गमछाने त्यांचा हात पुसला, काच पुसली, एकेक बोट लावून पाहिलं. ‘आजी, थे राहू दे, मधलं ठेव बरं.’ मधलं बोट लागलं. त्यांनी नोटा आजींच्या हातात दोनदा मोजून दिल्या, मगच सायकल काढली.

ही सेवा पोस्टाच्या अंगात मुरायला फार वर्षं लागली आहेत. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून देशभर अर्ध्या आण्याचं तिकीट सुरू झालं. अंतर कितीही असो, दर वजनावर. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि हरकाऱ्याच्या खांद्यावरच्या थैल्या गाडीत चढल्या. १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, १८८० ला मनीऑर्डर, १८८२ ला बचत बँक. माझं पासबुक त्या १८८२ च्या योजनेचंच पुढचं पान आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तार तेवढी २०१३ च्या जुलैत बंद झाली.

पत्त्याचं महत्त्व तर आमच्या जिल्ह्याइतकं कोणाला कळणार! गांधीजी सेगावला राहायला आले आणि त्यांची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, त्याला हा घोळ कारण होता. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृत कवी. आता पिनच्या सुरुवातीला ४४२ दिसलं की थैली आमच्याकडे वळते. एका खाजगी कुरिअरने माझं पार्सल दोनदा तालुक्यालाच ठेवून ‘घेऊन जा’ म्हणून फोन केला. स्पीड पोस्ट दारात आलं.

अडचणी आहेत. नेटवर्क गेलं की काउंटर थांबतं, आणि पावसाळ्यात ते बरेचदा गेलं. पासबुक छापायचं मशीन बंद असेल तर तारीख-शिक्क्यासह हाताने नोंद मागून घ्या, देतात. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवलं, त्यामुळे वावराच्या वादाची नोटीस पाठवणाऱ्यांना पहिल्यांदा गोंधळायला झालं. पोचपावती हवी असेल तर पाकीट देतानाच सांगायचं.

आसपासच्या खेड्यांतली ब्रँच पोस्टं आमच्या सब पोस्टाला जोडलेली आहेत. तिथे रोकड बेताची असते. मोठी रक्कम काढायची असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, इथून थैलीतून जाते. ती पोस्टं चालवणारे ग्रामीण डाकसेवक, ज्यांना म्हातारी माणसं अजून ‘ईडी (एक्स्ट्रा डिपार्टमेंटल) पोस्टमास्तर’ म्हणतात, दिवसाला चार-पाच तासांच्या हिशोबाने मानधन घेतात आणि गावाला दिवसभर पुरतात. नियमित सरकारी नोकराचं पेन्शन त्यांना नाही. हे मला अजिबात पटत नाही. खेड्यातल्या पोस्टाला पैकीच्या पैकी गुण द्यायचे तर आधी त्यांना द्यावे लागतील.

ज्यांना रोज मोबाइलवरून पैसे फिरवायचे आहेत त्यांनी नुसत्या बचत खात्यावर भागवू नये, पेमेंट्स बँकेचं खातं काढून त्याला जोडून घ्यावं. आम्ही तसंच केलं. पुढच्या महिन्यात आईचं ज्येष्ठ नागरिक बचत खातं इथेच काढणार आहे. वय ६० पूर्ण लागतं, किमान १००० रुपये, व्याज दर तिमाहीला. फॉर्म आणून ठेवला आहे, आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि दोन फोटो तेवढे जोडायचे आहेत.